टाचणीखालचं पीठ

आमच्या ताईसमोर दोन गोष्टी सारख्या दिसतात असं म्हणायची सोय नाही, लगेच भिंग पुढे करते. तिची हयात संग्रहालयातल्या किड्यांच्या खोलीत गेली. तिथे एका कपाटात काडीसारखे सडपातळ प्रार्थनाकीटक जुन्या लोकांनी एकत्र कोंबले होते. बारीक तेवढे सगळे भाऊ, असा हिशेब. ताई म्हणायची, "मग मी आणि खराट्याची काडी सख्ख्या बहिणी." पुढच्या पायांवरचे काटे बघून तिने एकेकाचं घराणं वेगळं काढलं. फक्त एक तपकिरी राहिला. तसा दुसरा कुणी पाहिलेला नव्हता आणि तो कुठेच बसेना. त्याला घरी पोचवायचं, हा तिचा ध्यास होता.

बाहेरून आलेली पेटी आधी आठवडाभर फ्रीझरमध्ये, म्हणजे आत काही जिवंत असलं तर मरतं, हा नियम तिचाच. त्यावरून शिपायाला तिने फाडून खाल्लं होतं.

एका दुपारी दुसऱ्या संग्रहालयातून पेटी आली. आत तसाच तपकिरी, काटेही तसेच वाटत होते. ताईला कुठला दम निघतोय. फ्रीझर राहिला बाजूला, तिने दोघांना एकाच खणात शेजारी टाचलं आणि मला फोन केला, "सापडलं गं त्याचं माणूस. काटे उद्या मोजते, आता कुठे पळतोय तो."

दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. अंथरुणाला खिळली ती कितीतरी दिवस. एकदा दचकून उठून बसली. "पाहुण्याच्या टाचणीखाली थोडं पीठ होतं. मी फुंकून टाकलं. पीठ म्हणजे कीड गं, जिवंत."

मी म्हटलं, "शिपायाला खण उघडून बघायला सांगू का?"

"नको. त्याच्या हातून पाय मोडले तर?"

उभं राहता येताच मला घेऊन संग्रहालयात गेली. खण हळूच ओढला. दोघेही जागेवर, पाय शाबूत. मी म्हटलं, सुटलो. मला मेलीला काय माहीत, अळी आतून खाते आणि वरचं टरफल तसंच ठेवते.

ताईने टाचणीला बोट लावलं. आमच्या तपकिऱ्याचे पुढचे पाय गळाले आणि कागदावर त्यांचा भुगा झाला. भुग्यात एक केसाळ अळी वळवळत होती.

ताईने भिंग उचललं आणि परत ठेवलं. मोजायला काटेच राहिले नव्हते.

"आता हा कुणाचाच नाही गं," ती म्हणाली.