आई मागे बसली की गाडी बंद

मागच्या रविवारी बिलोलीला गेले होते, आईला घेऊन यायला. सकाळचे साडेनऊ, अंगणात लख्ख ऊन… आणि तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आधीचं थोडं सांगते. मी लातूरला शाळेत शिकवते. फेब्रुवारीत आमचे आप्पा गेले. छातीत दुखायला लागलं म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना आमच्याच गाडीतून नांदेडला न्यायला काढलं… मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर डोकं. नायगाव यायच्या आतच सगळं संपलं.

तेराव्यानंतर गाडी मी लातूरला आणली. आई तिकडे एकटी. तिला बीपी, त्यात एकदा न्हाणीत पाय घसरून पडली. आता तिने आमच्याकडेच राहायचं, असं मी ठरवून टाकलं.

मे महिन्यात पहिल्यांदा आणायला गेले. सामान डिकीत भरलं, घराला कुलूप लावलं. मी म्हटलं पुढे बस, तर म्हणाली, "न्हाई, हितंच बरं हाय." आणि मागे डाव्या कोपऱ्यात बसली. त्याच जागी.

चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, पण इंजिन काही पकडेना. पंधरा मिनिटं खटाटोप केला… शेवटी आई उतरली, ओट्यावर जाऊन बसली. मी सहज पुन्हा चावी फिरवली, तर एका झटक्यात गाडी चालू!

"चल, बस," मी हाक मारली. ती हलली नाही. "तुझे आप्पा जाऊ देईनात, माय. राहू दे आजच्याला." मला हसू आलं. पण ती काही ऐकेना, मी एकटीच परतले.

लातूरच्या गॅरेजमध्ये प्लग साफ केले, बॅटरी बदलली, कॉम्प्युटर लावून तपासलं. काही दोष निघाला नाही. त्यानंतर मुलं मागे बसली, आमचे हे त्याच कोपऱ्यात बसून अहमदपूरला जाऊन आले… गाडी एकदाही अडली नाही.

पंचमीनंतर पुन्हा गेले. पुन्हा तेच. आई बसली की गाडी मुकी, आई उतरली की चालू. या वेळी मला हसू आलं नाही.

म्हणून मागच्या रविवारी मी शहाणपणा केला. आधी गाडी चालू केली, नीट पाच मिनिटं चालू ठेवली, आणि मग आईला बसायला सांगितलं. तिने दार उघडलं, बसली, पाय आत घेतले.

इंजिन थरथरलं… आणि बंद पडलं.

मी आरशात पाहिलं. आई खाली बघत होती, आणि तिचा हात मांडीवरून हळूहळू फिरत होता… कुणाच्या केसांवरून फिरवावा तसा.

मी गाडीतून उतरलेच. तसाच खलीलभाईंना फोन लावला. आप्पांच्या वेळेपासून या गाडीचं काम तेच करतात.

ते आले. बॉनेटला हातही लावला नाही. म्हणाले, "गाडीला काय झालं ते मागून सांगा ताई. कोण कुठं बसलं होतं, ते सांगा आधी."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मला सेल्फ न मारता चावी अर्धीच फिरवायला लावली. मागून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली. "हा पेट्रोलचा पंप. मागच्या सीटखाली ऱ्हातो." मग ते स्वतः त्या कोपऱ्यात बसले. चांगला ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा माणूस… गुणगुण आली.

"मावशी, तुम्ही बसा बरं जरा."

आई बसली. मी चावी फिरवली. आवाज नाही. ती उतरली, आवाज आला. पुन्हा बसली… शांत. तीनदा केलं. चौथ्यांदा खलीलभाईच म्हणाले, "बस करा." त्यांच्या हातावरचे केस उभे राहिलेले मला दिसले.

मग त्यांनी सीट उचलली. पंपाकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलेली, आणि सीटच्या पत्र्याखाली दबलेली. तिथे दाब पडला की पंप बंद. नवी वायर जोडली, टेप गुंडाळला, बाजूने नीट बांधून घेतली. आईला बसवलं, चावी फिरवली. गाडी चालू.

"पण तुम्ही बसलात तेव्हा का नाही बंद पडला पंप? आमचे हे बसले तेव्हा?"

"मला बी समजून न्हाई राहिलं, ताई," ते हात पुसत म्हणाले. "मावशी कडंला अंग चोरून बसत्यात, म्हणून दाब नेमका तिथंच पडत असल…" पण माझ्याकडे न बघताच म्हणाले.

ते गेले. गाडी चालूच होती. मला एकदम हलकं वाटलं. मागे वळून म्हटलं, "बघितलंस? उंदीर होता."

आईचा चेहरा पार उतरलेला. "म्हंजे… ते नव्हते व्हय?" आणि ती रडायला लागली. आप्पा गेले तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.

मी गाडी बंद करून मागे तिच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "आता मलाच सांगावं लागतंय. मला यायचं न्हाई, माय. हितंच ऱ्हायचंय."

तिचं सामान मीच घरात नेऊन ठेवलं. शेजारच्या काकू रात्री सोबतीला येतात आता, आणि दर पंधरा दिवसांनी मी जाऊन येणार आहे.

खलीलभाई, तुमचे फार आभार… गाडीसाठी तर आहेतच. पण ती त्या दिवशी गपगुमान चालू झाली असती, तर आईला काय हवंय हे न विचारताच मी तिला उचलून आणलं असतं.