कावीळ झाली होती का?

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. माझी मोठी जाऊ महाडच्या एका दवाखान्यात बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. तिचा नवरा आखातात नोकरीला. पोलादपूरहून सासूबाई, धाकटे दीर आणि मी, अशी तिघं आलो होतो. दिरांचं आणि माझं, दोघांचंही रक्त तिला जुळलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसाचं कशाला? तो हाय ना धडधाकट."

डॉक्टरांनी दिरांना विचारलं, "कधी कावीळ झाली होती का?"

"नाय."

मी दाराशी उभी होते. दोनच वर्षांपूर्वी दिरांचे डोळे हळदीसारखे झाले होते. महिनाभर मीच त्यांना बिनतेलाचं जेवण वाढत होते. डॉक्टर आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "भावोजी, झाली होती की तुम्हांला."

"ती उतरवली ना वरंधला! तीन रविवार गेलो. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळंजर्द झालं. आता अंगात काय ऱ्हायली? गप बसा वहिनी."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. मी बाकावर बसले, उठले, परत बसले. बोलले आणि वेळ गेला तर जाऊ हातची जाईल. नाही बोलले तर? डॉक्टरांशी मी जन्मात बोलले नव्हते. नर्स रिकामी बाटली घेऊन आली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर रागावले नाहीत. मी विचारलं, "रक्त तपासता येत नाही का?"

"येतं. पण मुंबईला पाठवावं लागतं, दोन दिवस जातात. शिवाय प्रत्येक बाटलीवर तो खर्च चढवला, तर गावाकडची माणसं रक्तच घेणार नाहीत. विचारायला काही पडत नाही, म्हणून विचारतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हांला झाली होती?"

"नाही," मी म्हटलं.

माझे डोळे कधी पिवळे झाले नव्हते. पण दीर आजारी होते त्याच पावसाळ्यात मलाही आठ दिवस फोडणीचा वास सहन होत नव्हता, उलट्या होत होत्या. हे आठवलं तेव्हा माझ्या रक्तानं बाटली अर्धी भरली होती. या वेळी मात्र मी बोलले नाही.

जाऊ वाचली. दीर येईल त्याला सांगायचे, "वहिनीला माझं रक्त पिवळं दिसतं!" लोक हसायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही. मी सहा महिने रोज सकाळी, केस विंचरायच्या निमित्तानं, जाऊला उजेडात बसवायची आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवायची.

"काय शोधतेस गो माझ्या डोळ्यांत?"

"कचरा गेलाय वाटतं," मी म्हणायची.