दोघींनी केस कापले तो उन्हाळा

तो उन्हाळा आठवला की आधी कूलरचा आवाज येतो. मंगरूळपीरच्या आमच्या घरात दुपारभर ओल्या वाळ्याचा वास भरलेला असायचा. खिडक्यांवर चादरी टाकलेल्या, आणि त्या हिरवट अंधारात दोघी पोरी पाण्याखाली असल्यासारख्या हळूहळू हलायच्या. एक माझी लेक, दुसरी माझी पुतणी. दीर किन्हीराजा या गावी शेती करतात, म्हणून पुतणी शिकायला आमच्याकडे. दोघी नववीत, एकाच बाकावर, एकाच मोबाईलवर.

अशाच एका दुपारी मी डुलकीतून उठले तर न्हाणीत केसांचा ढीग. दोघींनी एकमेकींचे केस कापले होते.

"आई, आमी पोरी नाई. आमी पोरं हाओत, आतून," माझी म्हणाली. पुतणीनं मान डोलावली.

मला वाटलं, अजून झोपच उतरली नाही. मी झाडू घेतला आणि केस गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी दीर आले. जयभीम घातला, पाणीही न पिता बोलले, "वहिनी, हे सारं मोबाईलचं काम हाय. नाईतं दोघीइले एकाच टायमाले कसं काय सुचलं?"

त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटेना. मोबाईल कपाटात गेला. पण माझी लेक दाराशी उभी राहून म्हणाली, "काका, चौथीत फ्रॉक घातला की मले अंगावर मुंग्या चढल्यासारखं होये. तवा घरात कुठी होता मोबाईल?"

मी आठवून पाहिलं. चौथीतली ती डोळ्यांपुढे येई. कधी फ्रॉक ओढत रडणारी, कधी त्याच फ्रॉकमध्ये गोल फिरणारी. यातलं खरं घडलेलं कोणतं आणि नंतर माझ्या मनानं रचलेलं कोणतं, मला अजूनही सांगता येत नाही.

आम्ही दोघींना अकोल्याच्या मनाच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्या प्रत्येकीशी वेगळं बोलल्या. मग मला म्हणाल्या, "'आतून पोरं' हे शब्द मोबाईलवरून आले असतील. मैत्रिणीचं पाहून तसं वाटू लागणंही घडतं. पण आतला त्रास कुठून आला, हे मी आज सांगू शकत नाही. घाई करू नका, रागावू नका. येत राहा."

परतीच्या एसटीत दोघी एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या. बाहेर नांगरलेली काळी रानं उन्हात तरंगत होती. ही वाट संपूच नये असं वाटलं मला.

त्याच हिवाळ्यात, तुरी कापायच्या-सोंगायच्या दिवसांत पुतणी स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ बसली.

"मोठी आई, मले आता तसं नाई वाटत."

"मंग तवा काहून वाटलं?"

"तिच्यासंग राहून मलेबी तसंच वाटून राह्यलं होतं. पन तवा खोटं नोती बोलली मी." आणि ती रडली. आपल्यामुळे बहिणीला सगळे खोटं ठरवतील, याची तिला भीती होती.

तसंच झालं. दीर म्हणाले, "पाहा, मोबाईल सुटला अन् पोरगी सुधारली." मोबाईल तर दोघींचाही सुटला होता. माझं लेकरू मात्र बदललं नाही. 'मी जेवलो', 'मी आलो' असंच बोलत राहिलं, हळू आवाजात, आणि बहिणीशी महिनोन्महिने बोललं नाही.

आता लेकरू बारावीत आहे. अकोल्याच्या फेऱ्या चालू आहेत. पुढं काय, ते डॉक्टर बाईही सांगत नाहीत, आणि मीही विचारायचं कमी केलंय.

मागच्या हिवाळ्यात किन्हीराजाला घरचं साक्षगंध होतं, नात्यातला साखरपुडा. लेकरू शर्ट-पँट घालून आलं. पुतणीनं लांब वेणी घातलेली. तिनं आधी दुरून पाहिलं, मग जाऊन त्याची कॉलर नीट केली, आणि दोघं कशावर तरी हसली. मांडवात पुरुषांची पंगत बसत होती. लेकरू कडेला घुटमळत होतं. दिरांनी आपल्याशेजारची जागा हातानं झटकली.

"ये, बस इथं."

मी पाहतेय हे त्यांना कळलं. वाढायला मी जवळ गेले तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "माहं मत बदललं नाई, वहिनी. पन भुकेलं हाय ना थे."

मी दोघांच्या पत्रावळीवर वरण वाढलं. मांडवाच्या कापडातून गुलाबी ऊन सगळ्यांच्या तोंडावर पसरलं होतं.