डाउनिंग स्ट्रीटची खुर्ची

वसाहत खात्याच्या नक्कलनविसांत आपलं अक्षर सगळ्यांत देखणं आहे, असं सायलस पेनक स्वतःच सांगे, आणि दुर्दैवाने ते खरंही होतं. म्हणून खात्याच्या लॉर्डसाहेबांनी खासगी कारकुनाची जागा आधी त्यालाच देऊ केली. सायलसने डोकं चालवलं. हा माणूस मऊ. समोरच्याने आवाज चढवला की मत बदलणारा. याच्या मागे लागून काय मिळणार? त्याने आईच्या आजारपणाचं निमित्त काढलं आणि जागा शेजारच्या अँब्रोज टॉलीला गेली.

ऑगस्टात पंतप्रधान अचानक वारले. भांडणाऱ्या गटांपैकी कुणालाच खुपणार नाही असा माणूस हवा होता, म्हणून राजाने याच लॉर्डसाहेबांना बोलावलं. टॉली त्यांच्याबरोबर डाउनिंग स्ट्रीटला गेला.

सायलसच्या पोटात तेव्हा जे दुखू लागलं ते काही थांबेना. टॉलीचा नवा कोट, टॉलीच्या बायकोची पिसांची टोपी, चर्चमध्ये टॉलीला मिळणारी पुढची जागा, सगळं त्याला जेवताना आठवे.

"अहो, विचारलं तेव्हा दातखीळ बसली होती का?" त्याची बायको हेस्टर म्हणाली. "आता टॉलीचा राग त्या मटणावर कशाला काढताय?"

सरकार पडावं, एवढीच त्याची आशा. मंत्री एकमेकांच्या उरावर बसले होते, लॉर्डसाहेब राजीनामा लिहीत नि परत घेत. शेवटी जानेवारीत, पंतप्रधान म्हणून संसदेला एकदाही तोंड न दाखवता, ते पायउतार झाले. सायलसने टॉलीचं जुनं स्टूल, खिडकीच्या गार वाऱ्यातलं, स्वतःच्या रुमालाने पुसून ठेवलं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

टॉली आला तो निरोप घ्यायला. जाणारा पंतप्रधान आपल्या माणसांची सोय लावून जातो, ही रीत सायलस द्वेषापायी साफ विसरला होता. टॉलीला एका लहानशा बंदरावर जकातीची जागा मिळाली होती. तहहयात. कामाला दुसरा माणूस, याने फक्त सह्या करायच्या.

"पाच महिन्यांच्या चाकरीवर?" सायलसने विचारलं.

"अरे, ते पडले म्हणून तर मिळाली," टॉली म्हणाला. "टिकले असते तर अजून नकलाच काढत बसलो असतो."

पुढच्याच आठवड्यात नव्या पंतप्रधानांनी चांगल्या अक्षराचा माणूस मागवला. सायलसने निरोप पुरता ऐकूनही घेतला नाही. टॉलीच्या त्याच खुर्चीत तो जाऊन बसला, हेस्टरलाही टोपी आली. पण नवा धनी जुना सेनापती होता. पहाटे उठे, घोडा पिटाळी, कुणाचं ऐकत नसे. मंत्री त्याच्यापुढे चळचळा कापत.

साहेबांची तब्येत कशी आहे, असं सायलस रोज सकाळी दारावरच्या शिपायाला विचारी. असा जिवाला जीव देणारा कारकून पाहिला नाही, असं तो शिपाई सगळ्यांना सांगे. तब्येत ठणठणीत होती.