लघवी मोजणारे व्याही

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका निर्लज्ज माणूस तिसगावच्या बाजारात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका चांगला मला कुठे भेटला नाही. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीच्या त्रासावर संशोधन चाललं होतं. त्यात व्याह्यांनी नाव दिलं आणि त्यांना दुसरा विषयच उरला नाही. लघवी मोजायचा प्लास्टिकचा मग पिशवीत घालून ते लग्नाला जात, दहाव्यालाही जात. बाजारात कोणी म्हातारा दिसला की रामराम नाही, पाऊसपाणी नाही, सरळ विचारत, "पाव्हनं, धार कशी हाय?" तो बिचारा मेथीच्या जुड्यांत तोंड खुपसायचा. "मला काय मिळनार, असं डाक्टरला इचारलं," व्याही सांगत. "त्यो म्हनला, तुमाला काय न्हाई, पुढच्या म्हाताऱ्यांना मिळंल. म्हनलं, मग लिही माझं नाव."

माझे मालक अगदी उलटे. रात्रीतून सारखे उठायचे, मोरीत उभे राहून कण्हायचे आणि विचारलं की म्हणायचे, "वयाचं हाय." पाणी पिणंच सोडलं होतं. तोंड सुजायला लागलं, तरी डॉक्टरपुढे नाडी सोडायची तयारी नाही.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावलं, तेव्हा व्याहीही आले. मालकांचं सुजलेलं तोंड त्यांनी एकदाच पाहिलं. मी पुरणाचे धोंडे वाढले, वर तूप सोडलं, तर त्यांनी हात मागे घेतला.

"इवाई, उद्या माझ्यासंगं नगरला येता का?"

"आधी जेवा तर."

"येतो म्हना, मग घास."

मुलाकडचा व्याही भरल्या ताटावरून उपाशी उठला तर लेकीच्या आईबापाला तोंड लपवायला जागा राहत नाही. लग्नात हा माणूस एकदाही रुसला नव्हता. हक्काचं रुसणं त्यांनी लघवीसाठी राखून ठेवलं होतं. मालक भिंतीकडे बघत बसले. जावई घास हातात धरून थांबला. तूप थिजलं.

"व्हय म्हना," मी म्हणाले. "न्हाईतर मी बी जेवनार न्हाई."

"येतो," मालक म्हणाले. "पन पिशवीतला त्यो मग हितं काढू नका."

नगरला कळलं, प्रोस्टेटची गाठ वाढून वाट दाबली होती आणि तुंबलेल्या लघवीने किडन्या सुजल्या होत्या. अजून थांबलो असतो तर त्या गेल्याच असत्या. आधी नळी घातली, मग ऑपरेशन झालं. किडन्या वाचल्या.

आता ते संशोधन संपलं. व्याह्यांना दवाखान्याचा फोन येत नाही, आणि पाय थकल्यामुळे बाजारही सुटला. लेक आली की तिच्याबरोबर येतात. मालक आणि ते ओट्यावर बसतात, फारसं बोलत नाहीत. मधेच उठून गोठ्यामागे जातात, बरोबरच. ज्याचं आधी होतं तो दुसऱ्यासाठी थांबतो. वेळ लागतो. मी चहा पुन्हा गरम करायला ठेवते.