मतीनभाईंची पूर्वेकडची खुर्ची

मतीनभाई गेल्याचं मला लिफ्टमध्ये कळलं. त्यांचा मुलगा जमाल दुधाची पिशवी घेऊन उभा होता. म्हणाला, "खाला, अब्बा को कल दफनाया. खलास." खालच्या मजल्यावरचा माणूस मरतो, त्याला पुरून येतात, आणि मला दूध नेता नेता सांगतात. दीड महिना झाला, माझा राग उतरलेला नाही.

मतीनभाईंची बायको वारल्यावर जमालनं त्यांना इथं आखातात, रोल्लात आणलं, जसं मला माझ्या मुलानं रत्नागिरीहून आणलं. इमारतीत सगळे त्यांना 'लंगडा बंगाली' म्हणायचे. पायात गोळी होती, बांगलादेशच्या मुक्तिलढ्यातली. सरकारनं शौर्याचं पदक दिलेलं. ते घालत का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कपाटात आहे, आपा. एसीत त्याला सर्दी होते."

तिसऱ्या प्रहरी, असरच्या वेळी, ते आमच्याकडं चहाला यायचे. नमाज पश्चिमेला तोंड करून पढायचे आणि मग खुर्ची पूर्वेच्या खिडकीकडं फिरवायचे. तिकडं त्यांचं गाव. दिसायची मात्र पार्किंगची छपरं.

लढाईबद्दल एकदाच बोलले. त्यांचा जोडीदार हारून त्यांच्या घरच्या तळ्याकाठी, सुपारीखाली पुरलेला. कफन नाही, जनाजा नाही... यांनीच हातांनी माती उकरली होती. आता तिकडं मुक्तियोद्धा वारला की पोलीस येतात, झेंडा पांघरतात, बिगुल वाजवून सलामी देतात. "मला तिथंच पुरतील, आपा. सलामी दोघांना होईल. त्याची राहिलीय." मरायला गावी जायचं, एवढंच त्यांचं मागणं. जमाल म्हणायचा, इन्शाल्ला, पुढच्या थंडीत. थंड्या आल्या नि गेल्या. तो स्वतः जाऊन आला, बापाला नेलं नाही.

मागच्या शुक्रवारी त्याच्या लोकांनी हॉल घेऊन सभा केली. बापाचा मोठा फोटो, झेंडा, बिर्याणी. लंगडा म्हणणारेच माइकवर 'हमारे हीरो' म्हणत होते. जमाल रडला. जेवताना मी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि बापाला का नेलं नाहीस, असं विचारलं.

"जहाँ मौत, वहाँ मिट्टी, खाला."

"मेल्यावरचं मी विचारतच नाही. जिवंत असताना का नाही नेलंस?"

त्यानं मग मोबाइलवर गावच्या नव्या घराचा फोटो दाखवला. दुमजली, निळ्या काचा, पुढं गाडी. तळं कुठाय, मी विचारलं.

"भर दिया, खाला. जगह कम थी."

म्हणून ती थंडी येत नव्हती. हारूनवर आता याची गाडी उभी राहते. मी ताट तसंच ठेवून उठले. माझी सून म्हणते, बरं झालं, म्हाताऱ्याला कळलं नाही. काय बरं झालं? ज्यानं गोळी खाल्ली त्याला एवढं तोंडावर सांगायची पोराची छाती झाली नाही, त्याला बरं म्हणायचं?

सून खुर्ची रोज टीव्हीकडं वळवते, मी रोज परत खिडकीकडं फिरवते. परवा जमाल मिठाई घेऊन आला आणि त्या खुर्चीवर बसायला लागला. मी म्हटलं, "दुसरी घे."