सरड्याचा पाला

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि जाताना तिचा सरडा माझ्याकडं ठेवून गेली. हिरवा, हातभर लांब, परदेशी जातीचा इग्वाना. "आई, तो फक्त पाला खातो, काही त्रास नाही," म्हणाली. लहानपणापासून तिनं जे जे घरात आणलं, त्या प्रत्येकाबद्दल ती हेच म्हणत आली आहे.

त्याच महिन्यात आबा आले. माझे वडील. त्यांचा जन्म पाचोडकडच्या माळावर शेळ्यांमागं गेला. आई गेली, मग गुडघ्यांनी दगा दिला, शेळ्या विकल्या, आणि मी त्यांना जवळजवळ उचलूनच संभाजीनगरला आणलं. आबा अजून औरंगाबादच म्हणतात. "आठ दिवस बघतो," म्हणाले आणि कपड्यांची पिशवी भरलेलीच दाराशी ठेवली. गावात त्यांना आता पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. ऑफिसातून आले की मी आधी ती पिशवी बघायची, मग आबांना.

दोघांचं खाणं मी शिस्तीत बसवलं. सरड्याला रोज पालक, कारण पालक पौष्टिक असतो हे सगळ्यांना माहीत आहे. आबांना साखरेचा त्रास, म्हणून रोज दुधी. दीड महिन्यात सरड्याचे पाय थरथरायला लागले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं. नुसत्या पालकानं हाडं ठिसूळ झालीत, म्हणाले. औषध दिलं, ऊन सांगितलं, आणि शेवगा, तुती, जास्वंद, भोपळा असं बदलून बदलून घालायला सांगितलं.

घरी येऊन आबांना हे सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदाच पिंजऱ्याजवळ गेले.

"एकच पाला घातला तर शेळी बी आजारी पडती. हे सांगाया डॉक्टर लागला व्हय?"

"मग आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, शहरात असंच असतंय."

दुसऱ्या दिवसापासून आबा कामाला लागले. काठीला विळा बांधून आकडी केली आणि कॉलनीतली झाडं ओळीनं ओरबाडायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचा शेवगा, बागेतली तुती, समोरच्या काकूंच्या कुंपणावरची जास्वंद. काकूंचे देव त्या दिवसांत तगरीवर भागवत होते. सकाळी सरड्याला खांद्यावर घेऊन आबा गच्चीवर उन्हात बसायचे. हळूहळू त्याचे पाय थरथरायचे थांबले.

आबांची साखरही उतरली. त्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, खायला काय देता? मी मान ताठ करून दुधी सांगितला. आबा छताकडं बघत होते. पिशवी मात्र रोज संध्याकाळी दाराशी फुगलेलीच असायची, आणि मी जेवताना गावाचा विषय टाळायची.

एकदा डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. लसणाच्या फोडणीचा वास जिन्यापर्यंत आला होता. आबा गॅसपाशी उभे. कढईत शेवग्याच्या पाल्याची भाजी, तव्यावर भाकरी, ओट्यावर निवडलेल्या घोळ, पाथरी अशा रानभाज्या. मी सकाळी करून ठेवलेला दुधी गेटवर येणाऱ्या गाईसाठी वेगळा काढलेला.

मला लाज वाटली, पण आधी राग आला.

"आबा, माझ्याकडं मागायचं ना."

त्यांनी भाकरी उलटली. "सरड्यानं मागितलं व्हतं का? मुकं जनावर मागत नाय, माय. आपण बघायचं असतंय."

मी ताट घेऊन खाली बसले. भाजी फार चांगली झाली होती, हे काही मी त्यांना सांगितलं नाही. खाता खाता दाराकडं लक्ष गेलं. पिशवीचं तोंड आज उघडंच होतं आणि त्यातून तुतीच्या डहाळ्या बाहेर आल्या होत्या. आत नुसता पाला.

"आणि तुमची धोतरं?"

"तुझ्या कपाटात," आबा म्हणाले. "दोन महिने झाले."